दाद कुणाला?

'आम्ही आधीच ऐकलं होतं' हे वाक्य मराठी माणूस ज्या तृप्तीनं उच्चारतो, तेवढ्या तृप्तीनं तो जेवणानंतर ढेकरही देत नाही. सवाई गंधर्वांचा पहिला पुण्यतिथी-उत्सव पुण्यात १९५३ साली झाला. त्या रात्री आपण अगदी पुढच्या सतरंजीवर होतो असं सांगणारे मला आजवर इतके भेटले आहेत, की ते सगळे खरोखरच आले असते तर श्रोत्यांची शेवटची ओळ कात्रजच्या घाटात बसली असती. यातल्या काही मंडळींचा जन्म १९५५ नंतरचा आहे. पण सांगताना ते असे काही डोळे मिटतात, की जन्मदाखल्यावरचा आपला विश्वास उडावा.

हा मान पूर्वी घरातल्या वडीलधाऱ्यांकडे असे. आमच्याकडे तो आता माझ्या पुतण्याकडे आला आहे. वय वर्षं तेवीस, कानात कायम ती दोन पांढरी बोंडं. जेवताना त्यातलं एक बोंड तो बाहेर काढतो. ते आमच्याशी बोलण्यासाठी नव्हे, आमटी संपली हे सांगण्यासाठी. वडीलधारे सांगत, "काय गर्दी होती त्या रात्री!" हा सांगतो, "काका, याला अजून कोणी म्हणजे कोणी ओळखत नाही!" आणि पुरावा म्हणून फोन पुढे करतो. त्यावर आकडा असतो ४१२. म्हणजे अखिल विश्वात हे गाणं चारशे बारा वेळा वाजलं आहे. आमच्या काळी नाटकवाले 'हाउसफुल्ल'चा बोर्ड मिरवत. ही मंडळी रिकाम्या खुर्च्या मिरवतात.

स्वतंत्र कलाकार म्हणजे नक्की काय, हे मी त्याला एकदा विचारलं.

"ज्याच्यामागे कंपनी नाही, सिनेमा नाही, असा."

"आणि घरचे?"

"ते तर नाहीतच."

व्याख्या मला पटली. गाणं स्वतः लिहायचं, चाल स्वतः लावायची, झोपायच्या खोलीत गादी भिंतीला उभी करून स्वतःच ध्वनिमुद्रण करायचं, वरचं चित्र मैत्रिणीकडून काढून घ्यायचं आणि रात्री बारा वाजता ते जगाला अर्पण करून सकाळी आठच्या गाडीनं नोकरीवर जायचं. जग त्या वेळी झोपलेलं असतं. बहुतेक वेळा ते नंतरही उठत नाही.

गेलं वर्षभर पुतण्यानं माझं शिक्षण चालवलं आहे. रात्री जेवणं झाली की आमचा वर्ग भरतो. अरुणाचलचा ताबा चाके मी असाच ऐकला. युकुलेले नावाचं, धुण्यात आटलेल्या गिटारीसारखं दिसणारं वाद्य घेऊन तो न्यीशी भाषेत गातो. मला एक अक्षर कळलं नाही आणि कुठंही काही अडलं नाही. मग शिलाँगचे सोलमेट. २००३ साली जमलेली ही मंडळी ब्लूज गातात. ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी दुःखाला लावलेली चाल. ती खासी डोंगरात इतकी कशी रुजली कोण जाणे, पण आमची ही भाजी निवडता निवडता थांबली आणि म्हणाली, "ही बाई घरचं सगळं सांगतेय हो." इंग्रजी गाण्याचं इतकं नेमकं रसग्रहण मी छापील समीक्षेत वाचलेलं नाही. बंगळूरच्या परवाझनं उर्दूत आणि काश्मिरीत केलेली गाणी झाली. मुंबईच्या स्वदेशी या पोरांचं २०१९ सालचं 'द वारली रिव्होल्ट' झालं. त्यात आरेच्या जंगलाची कैफियत आहे आणि प्रकाश भोईर या वारली कलावंताचा आवाज आहे. ते संपल्यावर पुतण्याही थोडा वेळ गप्प होता. ही गोष्ट नोंद करून ठेवावी अशी.

'अभंग रिपोस्ट' नावाच्या मुंबईच्या मंडळींनी तुकोबांच्या आणि इतर संतांच्या अभंगांना गिटार आणि ड्रम लावले तेव्हा मात्र माझ्या चेहऱ्यावर आठी आली असावी. हिनं ती पाहिली. म्हणाली, "विठोबाला चालतंय, तुम्हाला काय होतंय?" अठ्ठावीस युगं त्या विटेवर उभं राहून त्यानं टाळ ऐकले, पखवाज ऐकला, वारीतले लाउडस्पीकर ऐकले, निवडणुकीतले ऐकले. ड्रमनं त्याचं काय बिघडणार होतं?

इथपर्यंत सगळं छान होतं. पण 'याला कोणी ओळखत नाही' हे वाक्य दर दोन दिवसांनी कानावर पडू लागलं तेव्हा मला प्रश्न पडायला लागले. कोणी, म्हणजे कोण?

वामनदादा कर्डकांचंच घ्या. जन्म १९२२, सिन्नर तालुक्यातला. २००४ साली गेले. हजारोंनी गाणी लिहिली, गावोगाव हिंडून गायली. ना कंपनी, ना सिनेमा. स्वतंत्र कलाकाराची पुतण्याची व्याख्या त्यांना बाराबंदीसारखी अंगाबरोबर बसते. ती गाणी वह्यांमधून उतरली गेली, एका तोंडातून दुसऱ्या तोंडात गेली, चौदा एप्रिलच्या रात्री वस्तीवस्तीत घुमली. प्रल्हाद शिंद्यांच्या कॅसेटी तर १९८०च्या दशकात एसटीच्या फलाटावर, टेम्पोत, जत्रेत, जिथं म्हणून कॅसेट वाजू शकत होती तिथं वाजत होत्या. आणि तरीसुद्धा आमच्या पेठेतले एक संगीतप्रेमी गृहस्थ मला परवा म्हणाले, "अहो, वामनदादा म्हणून एक कवी आहेत. फारसे कुणाला माहीत नाहीत. मला अलीकडेच त्यांचा शोध लागला." लाखो लोकांना तोंडपाठ असलेला माणूस या गृहस्थांना ठाऊक नव्हता, म्हणून तो अज्ञात! काखेत कळसा आणि गावाला वळसा असेल तर वळसा घालणाऱ्यानं कळशाला 'अज्ञात' म्हणू नये. मराठीत 'सापडणं' आणि 'शोध लागणं' असे दोन वेगळे शब्द आहेत. चष्मा सापडतो. त्याचा शोध लागला असं आपण म्हणत नाही. म्हटलं, तर घरचे डॉक्टरांना बोलावतील.

बरं, पुतण्याला तरी ही गाणी सापडतात कुठं? तर फोनच सांगतो. स्पॉटिफाय या कंपनीनं २०१५ पासून दर सोमवारी प्रत्येक ऐकणाऱ्याला एक स्वतंत्र यादी द्यायला सुरुवात केली. आधी आपण काय ऐकलं, ते ऐकणारे दुसरे लोक आणखी काय ऐकतात, वगैरे जुळवून ती तयार होते. म्हणजे आपलं वधूवरसूचक मंडळच. पत्रिका जुळतात, छत्तीस गुण जमतात, पसंतीला वावच उरत नाही. यंत्र म्हणतं, हे तुम्हाला आवडेल. आणि ते आवडतं! यातच सगळी गोम आहे. मग ही आवड माझी म्हणायची का? लग्न ठरवून झालेलं असलं म्हणून नवरा-बायकोचं प्रेम खोटं असतं असं नाही, हे मी चाळीस वर्षांच्या अनुभवानं सांगू शकतो. पण निदान आम्ही कुठल्या बागेत भेटलो होतो असं तरी सांगत फिरत नाही. पुतण्या सांगतो, "मी शोधला."

आमच्या शेजारी तत्त्वज्ञानाचे एक निवृत्त प्राध्यापक राहतात. कुठल्याही प्रश्नाची दुसरी बाजू मांडणं हा त्यांचा जोडधंदा आहे. त्यांनी मला २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगाची हकिगत सांगितली. साल्गानिक, डॉड्स आणि वॉट्स हे तिघे संशोधक. त्यांनी अगदी अनोळखी बँडांची अठ्ठेचाळीस गाणी घेतली आणि चौदा हजारांवर लोकांना संगणकावर ऐकायला दिली. आवडलं तर उतरवून घ्या म्हणाले. काहींना नुसती गाणी दिसत होती. बाकीच्यांना त्यांनी आठ वेगवेगळ्या 'जगां'त वाटून टाकलं, आणि प्रत्येक जगात आपल्या आधीच्यांनी कुठलं गाणं किती वेळा उतरवून घेतलं त्याचे आकडे दिसत होते. गाणी तीच, सुरुवात सगळीकडे शून्यापासून. निकाल असा, की आठ जगांत आठ वेगळे क्रम लागले. एकच गाणं एका जगात पहिलं आलं, तर दुसऱ्यात चाळिसावं. फार चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत, फार वाईट सहसा वर आली नाहीत. मधल्यांचं मात्र काहीही होऊ शकलं.

"म्हणजे नशीब," मी म्हटलं.

"म्हणजे मिसळ," प्राध्यापक म्हणाले. "दोन मिसळींची दुकानं शेजारीशेजारी आहेत. एकापुढे चार माणसं उभी आहेत. तुम्ही कुठं उभे राहाल?"

"रांगेत."

"झालात की तुम्ही पाचवे!"

माझ्या डोक्यातून तो प्रयोग अजून जात नाही. कारण आपण सगळे त्या मधल्यांपैकीच असतो. तानसेनाला धोका नाही आणि बेसुऱ्याला आशा नाही, हे ठीकच झालं. पण मधला तो जो मुलगा गादी भिंतीला लावून गातोय, तो पहिला की चाळिसावा हे आधी आलेल्या चार माणसांनी ठरवायचं? आणि हे असंच असेल, तर पहिल्या चारांत असणं ही मिरवायची गोष्ट नाही, जोखमीची आहे. मिसळ न आवडता उगाच रांगेत उभं राहू नये, आणि आवडली असेल तर बिल देऊन, मागच्याला सांगून निघावं.

प्राध्यापकांशी माझं खरं भांडण झालं ते वेगळ्याच गोष्टीवरून. २०२५ साली 'द व्हेल्व्हेट सनडाउन' नावाचा एक बँड उगवला. बघता बघता महिन्याला दहा लाखांवर लोक त्याला ऐकू लागले. मग कळलं की बँडच नाही! गायक नाही, गिटारवाला नाही. फोटोतले चेहरेसुद्धा यंत्रानं घडवलेले.

"तुम्हाला गाणं आवडलं होतं ना?" प्राध्यापक म्हणाले. "ते तर तेच आहे. एक सूरही बदललेला नाही. मग तक्रार कसली?"

युक्तिवाद बिनतोड होता. त्यांचे सगळेच असतात. म्हणून तर सोसायटीच्या सभेला त्यांना बोलावत नाहीत. मी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी जिन्यात त्यांना गाठून विचारलं, "दाद कुणाला द्यायची?"

आपल्याकडे गाणं ऐकणं हे नुसतं कानाचं काम कधीच नव्हतं. तबल्याच्या समेला मान जाते, तोंडातून 'वा' निघतो. तो 'वा' बैठकीतून वर जातो, गाणाऱ्याला लागतो आणि पुढची तान होऊन खाली येतो. दाद ही दोन माणसांमधली उलाढाल आहे. यंत्राला 'वा' म्हणणं म्हणजे चटणी छान वाटली म्हणून मिक्सरला नमस्कार करणं. (खंडेनवमीला आपण तोही करतो, पण वर्षातून एकदा.) १९०२ साली कलकत्त्यात गौहरजाननं तबकड्यांसाठी गायलं, तेव्हा गाणं संपता संपता ती इंग्रजीत आपलं नाव सांगायची. कारण अगदी व्यावहारिक होतं. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार व्हायच्या, आणि तिथल्या लोकांना कुठल्या तबकडीवर कुणाच्या नावाची चिठ्ठी लावायची ते कळायला हवं. पण कारण काही का असेना, त्या खरखरीतून 'मी अमुक' असं एक बाई सांगते तेव्हा आजही अंगावर काटा येतो. हे कुणीतरी गायलंय, एवढंच ते वाक्य सांगतं. दहा लाख लोकांनी ऐकलेल्या त्या बँडाला नेमकं तेवढंच सांगता आलं नसतं.

प्राध्यापक "बघू" म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढंही कधी कुणी वदवलेलं नाही.

पण 'दाद' या शब्दाची मराठीत एक गंमत आहे. दाद देतात तशी दाद मागतातही. देतात ती बैठकीत, मागतात ती कोर्टात. बैठकीत देऊन झाली म्हणजे कोर्टात कुणी मागणार नाही, अशी आपल्यासारख्या रसिकांची एक भाबडी समजूत असते.

त्या ४१२ वाल्या मुलाचा हिशेब मी पुतण्याला करायला लावला. स्पॉटिफायचा २०२४ पासूनचा नियम असा, की मागच्या बारा महिन्यांत एखादं गाणं हजार वेळा वाजलं नसेल तर त्याचे पैसेच धरायचे नाहीत. म्हणजे चारशे बाराचे किती? शून्य. मी लगेच तोंडी हिशेब केला. दिवसातून तीनदा, वर्षभर, म्हणजे एक हजार पंच्याण्णव! सकाळी, दुपारी, संध्याकाळी, जेवणानंतर. एकट्या माणसाला आयुर्वेदाच्या पथ्यासारखं एक गाणं पाळता आलं तर गायक नियमात बसतो. पण कंपन्या आपल्यापेक्षा हुशार असतात. ऐकणारे वेगवेगळे किती हवेत, याचाही एक आकडा त्यांनी ठेवला आहे, आणि तो सांगत नाहीत. बँडकॅम्प नावाचं दुसरं एक ठिकाण आहे, तिथं गाणं सरळ कलाकाराकडून विकत घेता येतं. दुकानदार शेकडा पंधरा ठेवून घेतो, पैसे पाठवायचा खर्च जातो, बाकीचे कलाकाराला. २० मार्च २०२०ला, सगळ्या मैफिली बंद पडल्या तेव्हा, एक दिवस त्यांनी आपले पंधराही सोडले होते आणि पुढेही अधूनमधून सोडत राहिले.

आता गंमत पाहा. त्या मुलानं तिथं किंमत लिहिली होती ती अशी: तुम्हाला वाटेल ती, शून्यापासून पुढे.

पुण्याच्या माणसाला 'वाटेल ते द्या' म्हणणं हा छळ आहे. शून्य लिहावं तर गायक बघत नाही, बायको बघत नाही, देवही बहुधा त्या खात्यात लक्ष घालत नसावा. आणि हिशेब डॉलरात. त्यामुळे एकवीस, एक्कावन्न, एकशे एक ही आपली सगळी शुभ आकड्यांची परंपरा तिथं निकामी होते. एक डॉलर दिला तर ती दक्षिणा की भीक, हे कुठल्या पोथीत पाहायचं? शेवटी पंचामृताच्या आधारानं पाच लिहिले. पुतण्या बघतच राहिला. "काका, फुकट आहे ते!"

फुकट ऐकणं ही काही फोनची देणगी नाही. आपण पिढ्यान्‌पिढ्या फुकटच ऐकत आलो. कीर्तनाला तिकीट नव्हतं. राममंदिरात कोणीही यावं, खांब बघून टेकावं, पूर्वरंगात डुलकी काढावी, आख्यानाला जागं व्हावं. पण शेवटी आरतीचं ताट फिरे. त्या ताटाइतकं नीतिशास्त्र मला कुठल्याही ग्रंथानं शिकवलेलं नाही. ताट बरोबर छातीच्या उंचीवर येतं. धरणारा बोलत नाही, फक्त अर्धा सेकंद थांबतो. त्या अर्ध्या सेकंदात माणसाची सगळी कुलकथा बाहेर पडते. कोणी आवाज करून नाणं टाकतो, कोणी नोट घडी घालून ज्योतीमागे सरकवतो, कोणी टाकतो आणि सुटे परत घेतो. ताट चार माणसांवर असताना एक गृहस्थ नेमके चपला शोधायला उठत. ते दर सप्ताहात, दर दिवशी त्याच माणसापाशी उठत. इतकं त्यांचं गणित पक्कं होतं. पण उठावं लागत होतं, हे लक्षात घ्या. ताटासमोर बसून राहून न देण्याचं धैर्य त्यांनाही नव्हतं.

वासुदेव पहाटे दारात गाई. त्याचा आवाज बरा लागला की नाही हे माझ्या आजीनं कधी पाहिलं नाही. सुपातून दाणे नेऊन घालायची. तमाशात दौलतजादा व्हायची ती तर देणाऱ्याचं नाव पुकारून, सगळ्या गावाच्या देखत. म्हणजे मोठ्या मनानं असो की मिरवायला, आपण दिलं ते नेहमी कुणाच्या तरी डोळ्यांदेखत दिलं. आता मी एकटा, गाणं एकटं, आणि मध्ये ताट नाही. चपला शोधायला उठायचीसुद्धा गरज उरलेली नाही.

प्राध्यापक म्हणाले, "पण ऐकल्यानं गाणं संपत नाही. चहा प्यायला तर कप रिकामा होतो. गाणं होतं तेवढंच राहतं. मग देणं कसलं?"

मी म्हटलं, "वासुदेवाची मोरपिसांची टोपी तरी बघितल्यानं कुठं झिजत होती? आजीनं घातलेले दाणे टोपी बघायचं भाडं नव्हतं. तो उद्या पहाटे यावा म्हणून होते."

पुतण्याची गोष्ट याहून नाजूक आहे. त्याला गायकावर प्रेम आहे, यात शंकाच नाही. पण प्रेमाची जात आपल्या कोकणातल्या खाणावळीवरच्या प्रेमासारखी. आपल्याला एक खाणावळ ठाऊक असते, आत चारच टेबलं, मालकीण स्वतः वाढते. आपण ती कुणालाही सांगत नाही. गर्दी झाली तर चव जाईल म्हणतो. तिकडे ती बाई रोज सोलकढी ओतून देत असते. तिचं दिवाळं ही आपल्या चवीची किंमत! प्रतीक कुहाडचं २०१८ सालचं गाणं २०१९च्या अखेरीस बराक ओबामांनी आपल्या आवडत्या गाण्यांच्या यादीत घातलं, तेव्हा पुतण्या शाळा संपवून कॉलेजात गेला होता. "गेला," तो म्हणाला. घरात सगळे दचकले. हिनं विचारलं, "किती वय होतं रे?" २०२४ साली क्रेटेक्स आणि श्रेयस या मराठी पोरांचं 'तांबडी चामडी' एका डच कंपनीनं जगभर पाठवलं, तेव्हा म्हणाला, "विकले गेले." आता, आंबे विकले गेले तर आपण बागवानाचं अभिनंदन करतो. कलावंतानं मात्र न विकलेल्या पेटीशेजारी बसून राहावं, म्हणजे आपल्याला त्याचा आंबा अस्सल वाटतो. हालअपेष्टांतूनच कला फुलते, असं म्हणणारे लोक मी पुष्कळ पाहिले. सगळे पोटभर जेवलेले होते.

डेट्रॉइटचा सिक्स्तो रॉड्रिग्ज मला यासाठी महत्त्वाचा वाटतो. १९७० साली त्याची एक तबकडी निघाली, १९७१ साली दुसरी. अमेरिकेत कुणी घेतली नाही. हा बापडा घरं पाडण्याची, दुरुस्तीची मजुरी करायला लागला. (मध्येच त्यानं तत्त्वज्ञानाची पदवीही घेतली. प्राध्यापकांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "मजुरीला उपयोगी पडते.") तिकडे दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाच्या काळात त्याची गाणी घराघरांत गेली. तो तर मेला, रंगमंचावरच जीव दिला त्यानं, अशा अफवा तिथं पसरल्या. आणि हा इकडे डेट्रॉइटमध्ये विटा उचलतोय! विकल्या गेलेल्या तबकड्यांचे पैसे त्याच्यापर्यंत आले नाहीत. चाहत्यांनी त्याला शोधून काढलं आणि १९९८ साली तो तिथं जाऊन भरल्या सभागृहांत गायला. २०१२ साली त्याच्यावर माहितीपट निघाला, २०१३ साली त्याला ऑस्कर मिळालं, २०२३ साली रॉड्रिग्ज वारला. आता यात शोध कुणी कुणाचा लावला? दक्षिण आफ्रिकेच्या लेखी तो कधी हरवलाच नव्हता; गाणी कपाटात होती. त्याच्या स्वतःच्या लेखीही तो हरवला नव्हता. रोज कामावर जात होता. मधे फक्त ताट हरवलं होतं. पंचवीस वर्षं.

ही सगळी हकिगत मी पुतण्याला सांगितली. तो काही बोलला नाही. पण पुढच्या आठवड्यात त्यानं आम्हा दोघांना एका कॅफेत नेलं. ४१२ वाला मुलगा तिथं गाणार होता. (आकडा तोवर ५३० झाला होता, आणि पुतण्या थोडा अस्वस्थ होता.) सतरा श्रोते. त्यातले सहा जण कॉफी प्यायला आले होते आणि गाणं सुरू झाल्यामुळे अडकले होते. मुलगा शिडशिडीत, गिटार त्याच्यापेक्षा दणकट. तिसऱ्या गाण्यात एका जागी त्यानं आवाज असा काही खाली आणला, की आमची ही खणखणीत म्हणाली, "वा!"

कॅफेत असं करायची पद्धत नसावी. सतरा माना वळल्या. मुलगा इतका दचकला की पुढची ओळ विसरला. मग हसला, आणि तीच जागा पुन्हा घेतली. आधीपेक्षा चांगली घेतली.

संपल्यावर पुतण्या त्याच्याशी फोनवरच्या आकड्यांविषयी बोलत होता, तेवढ्यात हिनं पर्समधून पाकीट काढलं. लग्नकार्यात देतात ते, वर रुपयाचं नाणं चिकटवलेलं. आत पाचशे. मुलगा गडबडला. म्हणाला, तिथं भिंतीवर तो चौकोन लावलाय, त्यावर फोन धरला तरी चालेल.

"ते यांचं," ही माझ्याकडे बोट करून म्हणाली. "ही माझी बिदागी."

तो त्या नाण्यावरून अंगठा फिरवत उभा राहिला. मग म्हणाला, "काकू, तुम्ही माझं आधी कुठलं गाणं ऐकलं होतं?"

"एकही नाही. आत्ताच ऐकलं. जेवलास का?"